'द एक्झॉर्सिस्ट' इतका जुना सिनेमा, तरी लोक अजून का घाबरतात?

कारण त्यात पोरीच्या अंगातला सैतान फार उशिरा समोर येतो. १९७३ चा हा सिनेमा विल्यम फ्रीडकिनने जवळजवळ माहितीपटासारखा काढलाय. सुरुवातीला दिसते ती फक्त रेगन ही आजारी पोर आणि डॉक्टरांचे उंबरठे झिजवणारी तिची आई. मला विचाराल तर सगळ्यात अंगावर येणारा प्रसंग दवाखान्यातलाच आहे. रेगनच्या मानेत सुई घालून तपासणी करतात, रक्ताची चिळकांडी उडते. तिथे सैतानाचा पत्ताही नाही. डॉक्टर हात टेकतात आणि नास्तिक आईच फादर कॅरस या पाद्र्याकडे जाते, तेव्हा आपणही तिच्याबरोबर हतबल झालेलो असतो.

दुसरं म्हणजे आवाज. रेगन झालेल्या लिंडा ब्लेअरच्या तोंडून येणारा तो घोगरा आवाज मर्सिडीज मॅकेंब्रिज या अभिनेत्रीचा. ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. खोलीत श्वासाची वाफ दिसते तीही खरी, सेट चक्क गोठवला होता. (सैतान उतरवायला येणारे म्हातारे फादर मेरिन झालेला मॅक्स फॉन सिडो तेव्हा चव्वेचाळीसच्या आसपास होता, बाकी सगळी मेकअपची करामत!)

रेगनचं डोकं गरगर फिरतं ते दृश्य आज थोडं हास्यास्पद वाटतं, हे कबूल. पण फादर कॅरसचं दुःख जुनं होत नाही. स्वतःची आई एकटी असताना वारली, ही टोचणी त्याला खाते, आणि सैतान नेमकं तिथेच बोट ठेवतो.