‘एलियन’ (१९७९) या चित्रपटात नोस्ट्रोमो या अंतराळजहाजावरचे लोक जहाजात शिरलेल्या परग्रहावरच्या प्राण्याला सरळ गोळी का घालत नाहीत?

कारण त्याचं रक्त तीव्र ॲसिड आहे. जखम झाली तर ते जहाजालाच भोक पाडेल आणि सगळेच मरतील. हे चित्रपटातच दाखवलंय. जहाजावरच्या केनच्या तोंडाला चिकटलेल्या जीवाचा (त्याच प्राण्याच्या आधीच्या रूपाचा) पाय कापायला जातात तेव्हा रक्ताचा फवारा उडतो, ते फरशी जाळत खालच्या मजल्यांवर उतरतं आणि बाकीचे जिने उतरत त्याच्यामागे धावतात. कप्तान डॅलस त्यात पेन घालून बघतो. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात हुशार प्रसंग हाच, पुढची सगळी शिकार यावरच उभी आहे.

म्हणून त्यांची हत्यारं त्याला जखमी न करता हाकलायची आहेत:
- विजेचा झटका देणाऱ्या काठ्या आणि जाळं
- हालचाल टिपणारं यंत्र
- ज्वाळा फेकणारी बंदूक, हवेच्या बोगद्यांतून त्याला एअरलॉककडे (अंतराळात उघडणाऱ्या दुहेरी दाराच्या खोलीकडे) पळवायला

एक मात्र आहे. शेवटी जहाजावरची अधिकारी रिप्ली हुकाची बंदूक त्याच्यावर झाडतेच. पण तेव्हा ती ज्यातून निसटते त्या छोट्या यानाचं दार उघडलेलं असतं, तिने स्पेससूट घातलेला असतो आणि तो प्राणी दारातून बाहेर फेकला जात असतो.