कुस्तीवर कॉलेज फुकट होतं का?

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत अकरावीला आहे, १३२ पौंडांत लढतो. डिव्हिजन वनच्या (म्हणजे कॉलेज खेळांतल्या सर्वांत वरच्या गटातल्या) एका कोचने फोनवर ‘स्कॉलरशिप देऊ’ म्हटलंय. आमचे मेहुणे म्हणतात, चार वर्षांची फी सुटली. खरंच सुटली का? – एक वडील, एडिसन

उत्तर : मेहुण्यांना इतक्यात पेढे वाटू देऊ नका.

आमच्याकडेही असाच फोन आला होता. मी त्याच रात्री कोल्हापूरला भावाला कळवून टाकलं, पोराला फुल स्कॉलरशिप मिळाली म्हणून. तोही तालमीतला, त्याने गल्लीभर केलं. मग पत्र आलं. ओट्यापाशी उभ्या उभ्या उघडलं, तर वर्षाला पुस्तकांपुरते पैसे! कोच खोटं बोलला नव्हता. किती, हे मीच विचारलं नव्हतं.

डिव्हिजन वनमध्ये कित्येक वर्षं एका कुस्ती संघाला ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतक्या पैशांची मर्यादा होती. वजनगट १२५ ते २८५ पौंडांपर्यंत दहा. म्हणजे मॅटवर उतरणाऱ्या दहा जणांनाही पूर्ण पुरायच्या नाहीत, आणि सरावाला पोरं त्याच्या तिप्पट. मग कोच तुकडे पाडतो. चॅम्पियनला मोठा, नवख्याला पुस्तकं.

जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या खटल्यात कोर्टाने एक तडजोड मंजूर केली. तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांची ही मर्यादा गेली, पण संघात ३० च जण ठेवायचे असं ठरलं. कागदावर तिसांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. देणार कोण? फुटबॉल-बास्केटबॉलचं भागल्यावर उरेल ते कुस्तीला. शिवाय पूर्वी पदरमोड करून संघात राहणाऱ्या एकतिसाव्या पोराला आता दारच बंद. तेव्हा कोचला सरळ विचारा : किती टक्के, नुसत्या फीचे की राहण्याजेवणाचेही, किती वर्षांसाठी, आणि पोरगा त्या तिसांत आहे ना? लाजू नका, त्यांना सवय असते. सही झालेला करार हातात येईपर्यंत फोनवरचं बोलणं हवेतच.

डिव्हिजन टूची मर्यादा ९ ची. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी दमडी मिळत नाही, म्हणून लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. आयोवातलं वॉर्टबर्ग आणि मिनियापोलिसचं ऑग्सबर्ग तिथलीच, आणि त्यांची कुस्ती बघाल तर तोंडात बोट घालाल. अशा कॉलेजांत गुणांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते, कधी कधी ती कोचच्या तुकड्यापेक्षा भरते. आयव्ही लीगचंही (कॉर्नेलसारख्या जुन्या नामवंत विद्यापीठांच्या गटाचंही) तेच. कॉर्नेल डिव्हिजन वनमध्ये लढतं, पण खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. तरी तिथल्या यानी डायाकोमिहालिसने चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

तुम्ही मुलाचं वजन कळवलंत, जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, नाही कळवलात. पुढच्या पत्रात तो लिहा, मग कॉलेजांची नावं काढू.