पुणे विद्यापीठाची मेन बिल्डिंग विद्यापीठासाठीच बांधली होती का?

नाही, ती मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला म्हणून बांधलीये, विद्यापीठ तिथे आलं थेट १९४९ मध्ये. त्याआधी गव्हर्नर दापोडीला राहायचे, मग तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर साहेबांनी गणेशखिंडीत नवं गव्हर्नमेंट हाऊस काढलं, १८६४ ला काम सुरू आणि १८७१ ला पूर्ण, आर्किटेक्ट जेम्स ट्रबशॉ. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला, आपल्याकडच्या कापसाला भाव आला आणि मुंबईत पैसा खुळखुळत होता तेव्हा हात सैल सोडून खर्च केला, मग १८६५ ला बाजार कोसळला आणि खर्चावरून भरपूर बोंबाबोंब झाली. दगड आपला इथलाच काळा बेसॉल्ट पण धाटणी इटालियन, तो उंच चौकोनी टॉवर आणि कमानींची ओळ नीट बघा, कॉलेजपेक्षा मोठ्या जमीनदाराची हवेलीच वाटते. जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये (जिल्ह्याच्या माहितीच्या ग्रंथात) गणेशखिंड म्हणून शोधलंत तर बंगल्याचं वर्णन सापडेल.

फक्त यावरून पुण्यातल्या सगळ्याच जुन्या कॉलेज बिल्डिंगा आधी बंगले होत्या असं समजू नका, येरवड्याचं डेक्कन कॉलेज त्याच काळातलं (१८६४ ते ६८), पण ते कॉलेजसाठीच बांधलेलं, गॉथिक म्हणजे टोकदार कमानींच्या स्टाईलचं, जमशेटजी जीजीभॉय घराण्याच्या मोठ्या देणगीच्या मदतीने.