अटकेपारची अटक कोणती?

प्रश्न असा आला आहे: 'अटकेपार झेंडे लावणे' यातली अटक म्हणजे पोलीस करतात तीच का? तसं नसेल, तर 'अटकपार' न म्हणता 'अटकेपार' का? आणि असे झेंडे खरोखर कुणी लावले होते का?

ही अटक म्हणजे एक गाव आणि तिथला किल्ला. आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात, सिंधूच्या काठी, काबूल नदी सिंधूला मिळते तिथून जवळच. किल्ला अकबराने १५८१ ते १५८३ या काळात बांधून घेतला आणि त्याचं नाव ठेवलं अटक-बनारस. आता सिंधूकाठी बनारस कुठून आलं? हिंदुस्थानच्या पूर्व टोकाला, ओडिशात, कटक-बनारस होतंच. पश्चिम टोकाला त्याला जोड म्हणून हे नाव दिल्याचं अबुल फझलने अकबरनाम्यात नोंदवलं आहे. पुढे दोन्हीकडचं बनारस गळून पडलं आणि 'अटक ते कटक' एवढं यमक राहिलं. मराठ्यांच्या बाबतीत तर ते अगदी शब्दशः खरं ठरलं. कटक १७५१च्या तहाने नागपूरकर भोसल्यांकडे आलं आणि सातच वर्षांनी दुसरं टोक गाठलं गेलं.

रूपाचं म्हणाल तर ते बिनचूक आहे. अटक हे नाव मराठीत स्त्रीलिंगी. वाट-वाटेवर, वीट-विटेवर, तसं अटक-अटकेस, अटकेपार. पोलिसांची अटकही स्त्रीलिंगीच, म्हणून 'अटकेत घेतलं'. सामान्यरूप सारखं झाल्यामुळे दोन्ही अटका एकच वाटतात. आणि त्यांचं काहीच नातं नाही, असंही म्हणवत नाही. अटकणे म्हणजे अडणे, थांबणे. सिंधू ओलांडली की धर्म बाटतो, ही समजूत उत्तरेत चांगलीच पक्की होती. काबूलच्या मोहिमेवर निघालेले रजपूत नदीकाठी अडून बसले, तेव्हाचा म्हणून एक दोहा सांगतात. सगळी भूमी गोपाळाची, तिच्यात अटक कसली? ज्याच्या मनात अटक, तोच अटकला! कुणी तो राजा मानसिंगाच्या नावावर सांगतं, कुणी रणजितसिंहाच्या. सांगणारा कुणीही असो, अटक ही नुसती जागा नव्हती, ओलांडायची नाही अशी रेघ होती, हे त्यातून कळतं. म्हणून वाक्प्रचाराचा सगळा जोर मला 'पार' या दोन अक्षरांत दिसतो.

झेंड्याची कल्पनाही मोहिमेच्या आधीची. थोरल्या बाजीरावांनी शाहू महाराजांच्या दरबारात, मुळावरच घाव घातला तर आपला झेंडा कृष्णेपासून अटकेपर्यंत लागेल, असं सांगितल्याची कथा ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात दिली आहे. म्हणजे तेव्हाचं स्वप्नही अटके*पर्यंत*चं होतं.

ते पुरं झालं बाजीरावांच्या धाकट्या मुलाच्या मोहिमेत. रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, आणि मल्हारराव होळकर यांनी मार्च १७५८मध्ये सरहिंद घेतलं. एप्रिलमध्ये लाहोर. अब्दालीचा मुलगा तैमूरशाह आणि सेनापती जहानखान सामानसुमान टाकून चिनाबेच्या पलीकडे पळाले. पंजाबातला मुरब्बी सरदार अदीना बेग मराठ्यांच्या बाजूला होता. त्याने लाहोरच्या शालिमार बागेत दादांसाठी लाख रुपये खर्चून चौथरा उभारला, रोषणाई केली. शाहजहानच्या त्या बागेत पुण्याच्या पेशव्यांचे बंधू सत्कार घेत बसलेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा! झेंड्याइतकंच ते मला मोलाचं वाटतं, पण त्याचा वाक्प्रचार काही झाला नाही.

दादा स्वतः मात्र अटकेला गेले नाहीत. उन्हाळा वाढला तसे ते मे महिन्यात लाहोरहून माघारी वळले. तुकोजी होळकर आणि साबाजी शिंदे यांच्या तुकड्या अटक ओलांडून पेशावरपर्यंत गेल्याचं मराठी इतिहासकार सांगतात. पेशावर सिंधूच्या पलीकडचं, म्हणजे 'पार' अक्षरशः खरं. 'राघोभरारी' हे नाव दादांना मिळालं, वाक्प्रचारही त्यांच्याच खात्यावर जमा झाला. घोडी दामटणाऱ्या तुकोजी-साबाजींची नावं शाळेच्या पुस्तकाबाहेर फारशी कुणी घेत नाही. घ्यायला हवीत.

पंजाब ७५ लाखांच्या वार्षिक खंडणीवर अदीना बेगकडे सोपवला होता. तो त्याच वर्षी वारला. मोहिमेने पुण्याच्या तिजोरीवर कर्ज चढवलं ते ८० लाखांच्या घरात, त्यावरून वाड्यात वादही झाले. १७५९च्या अखेरीस अब्दाली परत आला आणि पंजाब हातचा गेला. म्हणजे झेंडे टिकले जेमतेम दीड वर्ष. बोलण्यात मात्र ते अडीचशे वर्षांहून जास्त टिकले आहेत.

नकाशावर शोधणाऱ्यांसाठी एक खूण. आज 'अटक' म्हणून जे मोठं शहर दिसतं, ते इंग्रजांनी वसवलेलं कॅम्पबेलपूर. १९७८मध्ये त्याला अटक हे नाव मिळालं. अकबराचा किल्ला तिथे नाही, तो नदीकाठच्या अटक खुर्दपाशी आहे. याच किल्ल्यात २००० साली नवाझ शरीफ यांच्यावर खटला चालला, तेव्हा दोन्ही अटका खरोखरच एका जागी आल्या होत्या.

वापराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आपल्या मुलखापासून लांब, परक्या ठिकाणी मिळवलेल्या यशालाच हा वाक्प्रचार शोभतो. लातूरच्या मुलीने टोकियोत पदक मिळवलं तर तिने अटकेपार झेंडा लावला. तिने लातूरच्याच शाळेत पहिला नंबर काढला तर तिचं तोंडभर कौतुक करावं, पण अटक मध्ये आणू नये. लावणे, रोवणे, फडकवणे ही तिन्ही क्रियापदं चालतात. झेंडा एक की अनेक, यावरही अडून बसू नये.