नवरा जाऊन तीन महिने झाले, माझाही एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. काजूच्या कारखान्यात सांगावं लागेल का? सासू म्हणते, थोडे दिवस माहेरी जाऊन ये.

कारखान्यात सांगू नका. मालकाला रिपोर्ट मागता येत नाही आणि त्यावरून काढताही येत नाही, २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मला टोचलं ते सासूचं वाक्य.

माहेरी जाऊ नका.

मी वेंगुर्ल्याकडची. नवरा मुंबईला कामाला, गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचा. २००६ च्या पावसात त्याला उचलूनच आणला. बाराव्यानंतर माझी तपासणी झाली. मी पॉझिटिव्ह, मुलगी निगेटिव्ह. तेव्हा सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, २०० च्या खाली उतरल्याशिवाय सहसा एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करत नसत. माझा तीनशेच्या वर होता, म्हणून रिकाम्या हाताने घरी. सासूने माझं ताट-पेला वेगळा केला, न्हाणी बंद केली, परसात झापांचा आडोसा करून दिला. थोरला भाऊ भेटायला आला, त्याने ते ताट पाहिलं आणि मला पिशवी भरायला लावली. "हंय कित्याक रवतंस? घराक चल." केवढा अभिमान वाटला होता मला त्याचा!

अकरा महिने माहेरी काढले. वहिनी वाईट नव्हती. तीही माझा कप उकळत्या पाण्यात टाकायची, पण माझी पाठ वळल्यावर. त्याच अकरा महिन्यांत इकडे वारस तपास झाला. सातबाऱ्यावर नवऱ्याच्या जागी सासू आणि दोघे दीर. मी नाही, माझी मुलगी नाही. बाई निघून गेली, असं पंचांनी लिहून दिलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मूल आणि आई असताना दिरांचा त्या हिश्शाशी काही संबंध नाही. हरकतीला पंधरा दिवस असतात, नोटीस चावडीवर लागते. मी गावात असते तर कुणी तरी कानावर घातलं असतं. नंतर अपील करून माझं आणि मुलीचं नाव चढायला चार वर्षं गेली.

त्या चार वर्षांत मीही काजूतच होते, गराची साल काढायला. चाकू बोटाला लागतो, तो सगळ्यांनाच लागतो. वाडीतल्या एकीने तोंड उघडलं आणि मालक म्हणाला, उद्यापासून येऊ नको, खायचा माल आहे. वाळलेल्या गरातून हा आजार जात नाही, पण ते त्याला कोण सांगणार? तेव्हा कायदा नव्हता. आता आहे, पण तक्रार अधिकारी नेमायचा तो शंभर माणसांच्या आस्थापनेत. आपल्याकडे तीस-पस्तीस बायकांचे कारखाने. म्हणून म्हटलं, सांगू नका.

नाव लागलं तेव्हा हातात आली चौदा गुंठे भरड जमीन आणि रातांब्याची, म्हणजे कोकमाची, नऊ झाडं. त्यावर उभी राहिले. मे महिन्यात रातांबे फोडायचे, मीठ लावायचं, रसाची पुटं देत उन्हात सुकवायचं. सोलं कुणाच्या हातची, हे व्यापारी विचारत नाही. जी जाऊ माझ्या हातचं पाणी घेत नव्हती, तिच्या दादरच्या भावाकडच्या सोलकढीत माझीच सोलं असतील. पुढे भरडीत काजूच्या वेंगुर्ला सात जातीची कलमं लावली, आता त्यांची बीही येते. एवढंसंच आहे, पण ते माझ्या नावावर आहे.

संजय गांधी निराधारचा अर्ज करा, महिन्याला दीड हजार मिळतात. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात राहणारी बाई जिवंत कशी, हे अट घालणाऱ्याने सांगावं. तरी अर्ज करा.

भाऊ अजून म्हणतो, मी नेलं नसतं तर तू मेली असतीस. मेले नसते. ताट वेगळं होतं, पण होतं त्याच घरात. आणि त्याच वर्षी त्याने माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. मी उपकाराच्या ओझ्याखाली दिली. तो म्हणतो, दोन्ही गोष्टींचा संबंध नाही. भाऊबीजेला दरवर्षी ओवाळते मी त्याला, पण हे बोलूनही दाखवते.

आता तुम्ही सोडून तू म्हणते, राग मानू नकोस. मारहाण होत असेल, रात्री कुणी दार ठोठावत असेल, तर हे सगळं विसर आणि नीघ. पण मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत घे. नाहीतर घरातच राहा. त्याच २०१७ च्या कायद्याने तुला तिथून काढता येत नाही, न्हाणीही बंद करता येत नाही. आता गोळ्यांसाठी सीडीफोर उतरायची वाट बघत नाहीत, लगेच सुरू कर आणि एकही चुकवू नकोस. पुढे कुणाशी जुळलं तर त्याला मात्र खरं सांग.

वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, उशीर झाला तरी घेतात. अर्ज तुझ्या सहीचा, मुलं असतील तर त्यांची नावंही घाल, आणि तलाठ्याकडून पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. उद्या सोमवार आहे.