अमेरिका एवढी मदत करते, तरी जगभर तिचा राग का? हा श्रीमंतीचा मत्सरच ना?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: मदत केली की लोकांनी उपकार मानावेत, आणि तरीही राग असेल तर तो श्रीमंतीचा मत्सरच. मत्सर थोडाफार असतो, पण तेवढ्यावरून कोणी दूतावासावर दगड मारत नाही. झोंबतं ते वेगळंच. आपल्या ताटातलं, बँकेतलं किंवा गल्लीतलं काही ठरवणारा माणूस वॉशिंग्टनमध्ये बसलेला असतो. त्याला आपण निवडून दिलेलं नसतं आणि जाबही विचारता येत नाही.

मदतीचंच बघू. 1954 च्या पीएल-480 कायद्याखाली अमेरिका आपलं जादा धान्य इतर देशांना त्यांच्याच चलनात विकायची. भारताशी पहिला करार ऑगस्ट 1956 मध्ये झाला. गव्हाचे रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमा व्हायचे. काही दूतावासाच्या खर्चाला, बरेचसे कर्ज किंवा अनुदान म्हणून पुन्हा आपल्याकडेच. डॉलरची चणचण असलेल्या देशाला याहून सोयीचा सौदा मिळणं कठीण होतं.

मग 1965 चा पाऊस गेला. 1966 साली धान्याची आयात एक कोटी टनांवर पोचली आणि नेमकं तेव्हाच अध्यक्ष जॉन्सन यांनी लांबचे करार बाजूला ठेवून थोडा थोडा गहू सोडायला सुरुवात केली. शेतीवर जास्त खर्च करा, ही त्यांची उघड अट. (ती रास्तच होती, आपण पुढे तेच केलं.) व्हिएतनाममधल्या अमेरिकेच्या युद्धावरून टीका नको, ही न लिहिलेली अट. जुलै 1966 मध्ये मॉस्कोत सोव्हिएत युनियनबरोबरच्या संयुक्त निवेदनात भारताने व्हिएतनाममधली बॉम्बफेक थांबवा म्हटलं, जॉन्सन भडकले आणि गव्हाचे निर्णय पुन्हा रेंगाळू लागले. बंदराला लागलेल्या जहाजातला गहू जवळजवळ थेट रेशन दुकानात जात होता, त्या दिवसांतली ही गोष्ट.

फेब्रुवारी 1974 मध्ये अमेरिकेने साठलेल्या रुपयांपैकी तब्बल 1664 कोटींचा धनादेश भारताला परत दिला. आज तो कोणाच्या लक्षात आहे? लक्षात राहिलं ते गाजर गवत. ते पीएल-480 च्या गव्हातून आलं, हे कुठल्याही गावात ऐकायला मिळेल. पुण्यात त्याची नोंद 1955 ची आहे, म्हणजे करार व्हायच्या आधीची. पण एकदा मन दुखावलं की असे आरोप चिकटतात ते चिकटतातच.

डॉलरचंही तसंच आहे. पुण्याचा निर्यातदार केनियाला माल विकतो तेव्हा दोघांचाही अमेरिकेशी संबंध नसतो. पण बिल डॉलरमध्ये असेल तर दोन्ही बँकांचा हिशोब बहुतेक वेळा न्यूयॉर्कमधल्या बँकांतल्या खात्यांवर मिटतो. व्यवहार क्षणभर तिथून गेला की अमेरिकेचा कायदा लागू. व्यवहारातलं एखादं नाव त्यांच्या अर्थखात्याच्या निर्बंध यादीत असलं तर रक्कम गोठवली जाते, पाठवणाऱ्यालाही परत मिळत नाही. ती सोडवायला त्याच खात्याकडे परवान्याचा अर्ज करावा लागतो. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण आणि क्यूबाशी केलेल्या अशाच व्यवहारांबद्दल 2014 मध्ये जवळपास 9 अब्ज डॉलर दंड भरला. 2018 मध्ये अमेरिका इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली, तेव्हा युरोपने आपल्या कंपन्यांना अमेरिकेचे इराणवरचे निर्बंध पाळायची कायद्याने बंदी केली. तरी टोटाल ही फ्रेंच तेल कंपनी इराणमधून निघून गेली. भारतानेही मे 2019 पासून इराणी तेल घेणं थांबवलं. इथे राग येतो तो सामान्य माणसाला नव्हे, मंत्र्यांना आणि बँकवाल्यांना. दगड पडत नाहीत, पण पर्यायी चलनाच्या बैठका सुरू होतात.

गल्लीतला राग बघायचा तर जपानचा ओकिनावा हा बेटांचा प्रांत. जपानच्या 0.6 टक्के जमिनीवर जपानमधल्या अमेरिकी तळांच्या क्षेत्रापैकी सुमारे 70 टक्के. ऑगस्ट 2004 मध्ये एक अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टर तिथल्या विद्यापीठाच्या आवारात कोसळलं. अमेरिकी सैनिकांनी जागा वेढली आणि जपानी पोलिसांना तपासाला आत येऊ दिलं नाही. स्थानिक कोणी दगावलं नाही. लोक चिडले ते आपल्याच शहरात आपले पोलिस दोरीबाहेर उभे बघून.

आणि युद्ध केलं म्हणून कायमचा द्वेष, असंही नाही. व्हिएतनामने अमेरिकेचे बॉम्ब झेलले, तरी आज तिथे तिच्याबद्दल बरंच चांगलं मत आहे. मार्च 2018 मध्ये अमेरिकेची विमानवाहू नौका दा नांग बंदरात आली तेव्हा तिचं स्वागत झालं. कारण आता दारातला दांडगा चीन आहे. मे 2014 मध्ये चीनने वादग्रस्त समुद्रात तेल खोदणारं फलाट आणून उभं केलं, तेव्हा व्हिएतनामी जमावाने चिनी समजून कारखाने पेटवले. त्यातले बरेच तैवानी मालकांचे निघाले.