दशांश शिकवायचा तर सातबारा काढा

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, पोरगी दहा वर्षांची, घरीच शिकून राहिली. तोंडी हिशोब एकदम फास्ट, पण दशांश अपूर्णांक आले की ०.८१ हे ०.९ पेक्षा मोठं म्हणते, ८१ मोठे म्हणून! पुस्तकातला धडा दोनदा झाला, आता पुढे जाऊ का?

उत्तर : ताई, पुढे नका जाऊ, पण तोच धडा तिसऱ्यांदाही नको. घरचा सातबारा काढा. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं अन् १०० आर म्हणजे १ हेक्टर, म्हणजे ०.८१ हेक्टर हे ८१ आर झालं, आणि ०.९ म्हणजे ०.९०, ९० आर. आता कोणतं वावर मोठं ते तिलाच विचारा, बहुतेक पोरं इथंच हसतात. चौकटीच्या वहीत १०० घरांपैकी एकदा ८१ अन् एकदा ९० रंगवून घेतली तर अजून पक्कं. मग क्विंटल घ्या, ७ क्विंटल ५ किलो कापूस ७.५ लिहायचा की ७.०५? १०० किलोचा क्विंटल, म्हणून ७.०५. हा घोळ मोठ्या माणसांचाही होतो बरं.

एकर-गुंठे मात्र आत्ताच मिसळू नका, तिथं ४० गुंठ्यांचा एकर, तिथं दशांश लावला की सगळी खिचडी.

धड्यांचा क्रम तुम्ही बदलू शकता, नफा-तोटा आधी घेतला तरी चालते. फक्त पुढं ओपन स्कूलची परीक्षा द्यायची असेल तर त्यांचा सिलॅबस आत्ताच बघून ठेवा, भूमितीच बहुतेकांची शिकायची राहून जाते.